गिरजाआत्या आणि तळ्याचा उतार

ज्या वाटेवर माणसाचं आयुष्य वळण घेतं, त्या वाटेवरून कुणीतरी थोर माणूस आधी चालून गेलेला असतो. माझ्या वाटेवरून म्हशी चालून गेल्या होत्या. येलदरीच्या धरणाचं पाणी टेकड्यांच्या बेचक्यांत जिथं जिथं शिरून बसलं आहे, तिथवर कॅम्पातल्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या म्हशी रोज उन्हं वर आली की डुंबायला जात, आणि त्यांच्या खुरांनी त्या विरळ साग-पळसाच्या जंगलातून एक वाट पडली होती. म्हशीला घाई नसते, म्हणून चढ ती नागमोडी चढते. पाणी दिसलं की मात्र तिला दम निघत नाही, म्हणून उतार ती सरळ उतरते. त्या वाटेचं सगळं शास्त्र एवढंच होतं.

आता तिथं वन उद्यान झालं आहे आणि ती वाट डोंगरी सायकलींची झाली आहे. गेल्या हिवाळ्यात तिचं उद्घाटन झालं तेव्हा माझ्या पुतण्याची मुलगी मला हौसेने घेऊन गेली होती. मंडप होता, सत्कार होते, नारळ होता. प्रमुख पाहुण्यांना सायकलवर बसवून दोघांनी दोन बाजूंनी धरलं, फोटो झाला, आणि पाहुणे उतरून गाडीत बसले. वाटेच्या तोंडाशी नकाशाचा फलक आहे. सोपा रस्ता हिरवा, मध्यम निळा, अवघड लाल. तळ्याच्या, म्हणजे धरणाच्या त्या बेचक्यातल्या पाण्याच्या, बाजूला जी एकच लाल रेघ आहे तिच्याखाली सूचना आहे, की हा उतार अनुभवी सायकलस्वारांसाठीच असून हेल्मेट, गुडघ्यांची आणि कोपरांची कवचं बंधनकारक आहेत. मी तो फलक बराच वेळ वाचत उभी राहिले. तिला वाटलं, चष्मा विसरला असेल. मी तिला एवढंच सांगितलं, की हा उतार मी पहिल्यांदा उतरले तेव्हा मागे कॅरिअरवर एक पन्नाशीची बाई इरकली लुगडं नेसून एका अंगाने बसलेली होती, आणि कवच म्हणाल तर तिच्या मांडीवर खारीक-खोबऱ्याची पिशवी होती.

ती बाई म्हणजे गिरजाआत्या, अप्पांची थोरली बहीण. अप्पा म्हणजे माझे वडील. आमचं मूळ गाव बोरी, पण धरणाच्या कामावर माणसं आली तेव्हा त्यांच्या मागोमाग मीठ-मिरची विकायला अप्पा येलदरीच्या कॅम्पात आले आणि काम संपल्यावर माणसं गेली तरी राहिले. पुढे दुकान, मागे घर. घराला गुळाचा, हरभऱ्याच्या डाळीचा आणि गोणपाटाचा वास. दिवसभर तराजूची पारडी आपटत, आणि वारा धरणाकडून असला की पाण्याची एक संथ घरघर ऐकू येई. ती इतकी सवयीची झाली होती, की बोरीला पाहुणी गेले की मला झोप लागत नसे. आत्या फार लवकर विधवा होऊन एक ट्रंक घेऊन परत आली होती. घरात स्वयंपाक आई करी, पण भाकरी किती जाड असावी, अंबाडीच्या भाजीत लसूण कधी घालावा, शेंगदाण्याची चटणी कुटावी की वाटावी, हे आत्या ठरवी. तिची धपाटी मात्र कुणी नावं ठेवावीत अशी नव्हती. आज मी ती करायला जाते तेव्हा सगळं साहित्य बरोबर असतं आणि धपाटं चुकतं.

आम्ही शिवाचे उपासक. देवळापेक्षा आमचा देव गळ्यात असतो. बाळ जन्माला आलं की स्वामी येऊन त्याला इष्टलिंग देतात. आवळ्याएवढं, काळं, गुळगुळीत. बाई असो की पुरुष, ते जन्मभर अंगावर वागवायचं, रोज आंघोळीनंतर डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि ती झाल्याशिवाय अन्नाचा कण किंवा पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही. माणूस गेला की त्याला बसतं करून पुरतात, तेव्हाही ते त्याच्या हातावर असतं. बहुतेकांचं चांदीच्या डबीत असे. आत्याने आपली डबी माझ्या आईला लग्नात दिली होती आणि स्वतःचं लिंग ती पांढऱ्या कापडात गाठ मारून गळ्यातल्या दोऱ्याला बांधी. तिची पूजा म्हणजे घरातली अर्ध्या तासाची संचारबंदी. भस्माची तीन बोटं कपाळावर ओढून ती तळहातावर नजर लावून बसे आणि त्या वेळात दूध उतू गेलं तरी कुणी बोलायचं नाही. मी अविश्वासू कार्टी होते, पुस्तकं वाचून बिघडलेली. पण त्या नजरेकडे बघून हसायची माझी कधी छाती झाली नाही.

आत्याच्या मते जगात वाईट गोष्टी पुष्कळ होत्या. हॉटेलातला चहा, सिनेमा, नवऱ्याला नावाने हाक मारणं. मुलीने सायकल चालवणं या यादीत बरंच वर होतं. सायकल माझ्या भावाची, बसूची, काळी, मधे दांडी असलेली. तो परभणीला शिकायला गेल्यापासून ती दुकानाच्या मागे उभी असे. मी तिच्यावर शिकले ती जंगलात, कारण कॅम्पाच्या रस्त्यावर आत्याचे डोळे होते. म्हशींच्या मागे राहून, दांडीखालून पाय घालून, पडत, खरचटत. एव्हाना सीटवर बसून मला तळ्यापर्यंत जाता येत होतं, शेवटचा उतार तेवढा पायी. ते आत्याला माहीत होतं आणि माहीत नसल्याचं ती दाखवी. माझी दहावीची परीक्षा जवळ आली होती आणि पुढे जिंतूरला कॉलेजात जायचं की नाही यावर अप्पा कुठल्याच बाजूचं बोलत नव्हते. बसच्या वेळा कॉलेजच्या वेळांशी जुळत नव्हत्या, हे त्यांचं कारण. सायकल हा शब्द मी एकदा काढून पाहिला होता. आत्याने तो ऐकलाच नाही.

त्या सोमवारी तळ्यापलीकडच्या वाडीवर आत्याच्या नणंदेच्या नातवाला लिंगधारण होतं. आत्या घरची वडीलधारी, तिच्याशिवाय अडलं असतं. ती आणि मी बसने जाणार होतो. आत्याने रोजच्यासारखी पूजा केली, रोजच्यासारखा वेळ घेतला, आणि त्या दिवशी बस वेळेवर आली. सगळा घोटाळा त्याने झाला. बसचा आवाज ऐकून आत्याने घाईघाईने लिंगाचं कापड बांधलं, पिशवी उचलली, आणि आम्ही रस्त्यावर पोचलो तेव्हा धूळ तेवढी उरली होती. दुसरी बस दुपारची. मुहूर्त अकराचा. रस्त्याने वाडी लांब, जंगलातून दोन कोस. आत्या बराच वेळ धुळीकडे बघत उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या सायकलीला मागं बसायला जागा हाय न्हवं?"

कॅम्पाच्या शेवटच्या घरापर्यंत आम्ही दोघी सायकल ढकलत गेलो, जणू ती आजारी होती. झाडी सुरू झाल्यावर आत्याने चारी दिशांना पाहिलं आणि कॅरिअरवर बसली. सायकल कण्हली. सपाटीवर मी घामाघूम झाले. पळस नुकता फुलायला लागला होता, पण मला दिसत होतं ते फक्त पुढचं चाक. मागून आत्या सूचना देत होती, दगड बघ, काटा बघ, वाकडं नको बसू. टेकडीचा चढ आम्ही पायी चढलो. वरून तळं दिसतं, आणि तिथून वाट एकदम खाली पडते. दोन वळणं, मग एक कोरडा ओहोळ, मग सरळ पाण्यापर्यंत. मी सायकल हातात धरून उतरायला लागले तर आत्या थांबली. तिने विचारलं, चालत का. मी म्हटलं, उतार लय आहे. तिने विचारलं, म्हशी कशा उतरतात. मी म्हटलं, पळत.

"मग आपन काय म्हशीपरीस गेल्याव व्हय?" आत्या म्हणाली आणि पुन्हा बसली.

पहिल्या वळणापर्यंत मी दोन्ही ब्रेक दाबून धरले होते. वळण पार पडलं. मला वाटलं, आता ही ओरडेल. मागून आवाज आला, तो मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. आत्या हसत होती. तोंडावर पदर नाही, काही नाही, मोकळं, पोरीसारखं. "हळू कशाला हानायलीस? हान की. हान जोरात." मी ब्रेक सोडले. ओहोळाच्या काठावर सायकल जमिनीवरून सुटली, किती वेळ ते सांगता येत नाही. आम्ही परत जमिनीवर आलो तेव्हा माझे दात एकमेकांवर आपटले आणि आत्याने माझ्या कमरेला घट्ट मिठी मारलेली होती. पाण्याच्या काठाशी थांबलो. आत्याने लुगडं सारखं केलं, केस सारखे केले, चेहरा सारखा केला आणि म्हणाली, यातलं अक्षर कुठं बोललीस तर बघ.

काठाकाठाने वाडीवर पोचलो. अंगणात बायका पुढे आल्या. आत्याने उंबऱ्यापाशी सवयीने छातीशी हात नेला आणि हात तिथेच राहिला. दोरा होता. त्याला कापडाचं एक टोक लोंबत होतं. गाठ सुटली होती, लिंग नव्हतं.

ती आत गेली नाही. आत नव्या बाळाला लिंग बांधलं जात होतं आणि ती गोठ्याशेजारी दगडावर बसली होती. कुणीतरी पाण्याचा तांब्या आणला, तो तिने हातानेच बाजूला केला. आणणारी बाई दोन पावलं मागे सरली, कारण त्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळत होता. लिंग सापडेपर्यंत आत्या पाणी पिणार नव्हती. दुपारी वाडीतले चार जण सोबत घेऊन आम्ही तीच वाट शोधत पायी परत निघालो. वाटेच्या कडा, गवत, दगडांच्या फटी. उताराच्या पायथ्याशी एका म्हाताऱ्याने विचारलं, की इथून कशा आलात, बसून की चालत. मी तोंड उघडण्याआधी आत्या म्हणाली, "उताराला आमी चालतच उतरलाव. हळूहळू."

त्या एका वाक्याने सगळा शोध बदलला. चालणाऱ्या बाईच्या गळ्यातून काही पडलं तर ते पायाशी पडतं. उतारावर माणसांनी पायवाट तेवढी नजरेखालून घातली आणि सगळा जोर वरच्या सपाटीवर लावला, जिथं झाडी दाट आणि वाट खडबडीत होती. सायकल अंतराळी गेली असेल आणि तिच्यावरून एक आवळ्याएवढी वस्तू कुठल्या कुठे उडाली असेल, हे कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. मला ते माहीत होतं. आत्याला माहीत होतं. मी तिच्याकडे बघितलं आणि तिने माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा, काका आणि कॅम्पातली दहा-बारा माणसं पहाटेच निघाली. घरात चूल पेटली नाही. अप्पांनी जाहीर केलं होतं, की बहीण उपाशी असताना घरात कुणी जेवणार नाही. आईने आम्हा पोरांना कोठीत नेऊन गूळ-शेंगदाणे चारले आणि तोंड पुसून बाहेर पाठवलं. पुरुष दुपारी हात हलवत परतले. काकांच्या धोतरावर तेलाचा डाग होता आणि त्यांना भज्यांची ढेकर आली. सगळा दोष माझ्यावर आला होता, आणि तो योग्यच होता असं मलाही वाटे. सायकलची ओढ कुणाला होती? मला. जंगलातली वाट कुणाला माहीत होती? मला. अप्पा मला एका शब्दाने रागावले नाहीत. त्यांनी सायकलीला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

आत्या पूजेच्या जागीच बसून होती, भिंतीला टेकून. ओठांना चिरा पडलेल्या. डावा तळहात मांडीवर उताणा, रिकामा. ती मधूनच त्यावर नजर लावी. मला वाटतं, चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सवय डोळ्यांना सोडत नव्हती. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं, की माणूस ज्याच्यावर श्रद्धा ठेवतो ते खरं आहे की नाही हा प्रश्न, तो माणूस समोर तहानेने सुकत असताना फार बिनकामाचा असतो.

संध्याकाळी स्वामी आले. त्यांच्यामागे एक शिष्य घोंगडी धरून आणि दुसरा काठी धरून. स्वामी घोंगडीवर बसले, घसा साफ केला आणि लिंग व प्राण यांच्या ऐक्यावर अर्धा तास बोलले. माणसं माना डोलवत होती. शेवटी मुद्द्यावर आले. शास्त्रात सोय आहे, नवं लिंग देता येतं, गुरुवारी चांगली वेळ आहे. गुरुवार म्हणजे आणखी दोन दिवस. आईने पदर तोंडाशी धरला. अप्पा म्हणाले, की वेळ राहू द्या, आत्ताच द्या. स्वामी विचारात पडले, आणि आत्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. आवाज कागदासारखा झाला होता.

"नवं घ्यायला मी काय नव्यानं जन्मले व्हय, सामी? मालक गेले तवा ह्येच हातावर हुतं. मातीत जाताना बी ह्येच पायजे."

स्वामींनी शिष्याला घोंगडी उचलायची खूण केली.

दिवे लागले, माणसं पांगली. मी आत्याजवळ जाऊन बसले. मला भीती वाटत होती, पण तिची नाही. ती या भिंतीला टेकूनच संपेल, आणि ज्या दोघींना खरं माहीत होतं त्यातली एकच उरेल, याची. मी हळूच म्हटलं, की आत्या, उतारावर बघायला पाहिजे. मी म्हटलं, तू सांगत नसशील तर मी अप्पांना सांगते, की मीच जोरात हाणली, तू नको म्हणत होतीस. तेव्हा तिने मान वळवली. एवढ्या थकल्या चेहऱ्यावरही तिला राग आला होता.

"माझ्या वाटचं खोटं तू कशाला बोलायलीस? माझं मी बोलले की." मग म्हणाली, "सकाळी तू अन् मी. किल्ली मी मागते त्याला."

अप्पांनी किल्ली दिली. मरणाच्या दारात असलेल्या बहिणीने सायकलची किल्ली का मागावी, हे विचारायचं धैर्य त्यांना झालं नसावं. आईने भाकरी, चटणी आणि पाण्याचा तांब्या फडक्यात बांधून हँडलला अडकवला. शोधाला पाच-सात माणसं यायला निघाली होती, त्यांना आत्याने हाताच्या खुणेने घरीच बसवलं.

चढ चढायला आम्हाला किती वेळ लागला असेल! दहा पावलांवर ती बसे. वर पोचल्यावर तिने कनवटीतून एक सुपारी काढली. तिचा बेत तिने रात्रीत ठरवून ठेवला होता. सोमवारी जे झालं ते जसंच्या तसं परत करायचं, लिंगाच्या जागी सुपारी बांधायची आणि ती कुठं उडते ते बघायचं. मी बरीच पुस्तकं वाचली होती, पण ही रीत माझ्या डोक्यात आली नव्हती. अडचण एकच आली. आत्या नीटनेटकी बाई, तिला ढिली गाठ मारताच येईना. तीनदा बांधली, तीनदा पक्की बसली. तिने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "तू वरड, बस आली म्हून."

त्या उजाडत्या जंगलात, जिथं बसच काय बैलगाडीही कधी आली नव्हती, मी जिवाच्या आकांताने ओरडले, की आत्या, बस आली. झाडावरचे बगळे उडाले. आत्याने दचकून कापड खेचलं, बांधलं, पिशवी नसताना पिशवी उचलल्यासारखं केलं, आणि कॅरिअरवर बसली. गाठ बरोबर चुकली होती.

यावेळी ती हसली नाही. मी ब्रेक कुठे सोडले होते ते आठवून तिथेच सोडले. माझ्या पाठीला तिचं कपाळ टेकलं नव्हतं, यावरून मला कळत होतं, की ती ताठ बसून खाली छातीकडे बघते आहे. माझ्या मनात एकच होतं, ही पडली तर. ओहोळ आला. सायकल सुटली, आपटली, डगमगली, आणि मागून आत्या म्हणाली, डावीकडं. पुढे जाऊन मी कशीबशी थांबवली. सुपारी तिच्या गळ्यात नव्हती. ओहोळाच्या डाव्या अंगाला, वाटेपासून चांगली वीस पावलं आत, घाणेरीची जाळी होती आणि तिच्यापुढे म्हशी लोळायच्या त्या खड्ड्याचा वाळलेला चिखल. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसलो. काळा चिखल, काळ्या गोट्या, काळ्या लेंड्या. मी जाळीत घुसून हात ओरबाडून घेत होते तेव्हा मला ऐकू आलं, की मागे काहीच आवाज नाही. वळून पाहिलं. म्हशीच्या खुराचा एक खोल ठसा वाळून घट्ट झाला होता, आणि आत्या त्यात बघत होती. लिंग त्यात असं बसलं होतं जणू तो ठसा त्याच्या मापानेच घेतला होता. एका बाजूला कांतीचा, म्हणजे वरच्या काळ्या लेपाचा, टवका उडाला होता, बाकी धड होतं.

ती रडली नाही. तिने ते उचललं, छातीशी धरलं आणि पाण्याकडे चालू लागली. मी धरायला गेले तर हात झटकला. तळ्यात गुडघाभर उतरून तिने अंगावर पाणी घेतलं, डाव्या तळहातावर लिंग धुतलं. बेल नव्हता, भस्म नव्हतं. पळसाचं एक फूल मी दिलं, ते तिने वाहिलं. मग तळहातावर नजर लावली. मी काठावर गप्प उभी राहिले. पलीकडच्या तीरावर एक कोळी जाळं ओढत होता, त्याच्या होडीचा आवाज पाण्यावरून सावकाश येत होता. मी देव मानत नाही, अजूनही मानत नाही. पण त्या वेळी कुणी मला काही विचारलं असतं, तर मी बोलले नसते.

ती पाणी प्यायली. एकेक घोट, मधे थांबून. मग भाकरी खाल्ली, अर्धी मला दिली. खाताना तिने विचारलं, घरी काय सांगायचं. मी म्हटलं, झालं ते. आत्या चटणी चाखत म्हणाली, की झालं ते सांगितलं तर तुझी सायकल जाईल आणि माझी इज्जत. मग ठरलं. वाटेच्या कडेला, गवतात सापडलं.

आम्ही दिवेलागणीला कॅम्पात शिरलो, सायकल ढकलत, धुळीने माखलेल्या, धड पाऊल टाकवत नसलेल्या. रस्त्यावर माणसं उभी होती. आत्याने तळहात उघडून दाखवला. आई तिच्या गळ्यात पडली. अप्पा दुकानाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. स्वामी मुक्कामालाच होते. ते म्हणाले, की ही बाई तीन दिवसांची उपाशी, पाण्याचा थेंब नाही, आणि पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत रानात गुडघ्यांवर रांगत तिने आपला प्राण शोधून काढला. याला म्हणतात निष्ठा. लोकांनी हात जोडले. आत्याने नजर खाली केली. मीही केली.

चार दिवसांनी अप्पा जेवायला बसले असताना आत्याने त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, की पोरगी जिंतूरला सायकलीवर जाईल, किल्ली तिच्याकडं दे. अप्पांनी मान वर केली, तिचा चेहरा बघितला, आणि भाकरी मोडली. पुढची सगळी वर्षं, कॉलेज, नंतर ग्रंथालयातली नोकरी, ज्या काही पुस्तकांमध्ये मी आयुष्य घालवलं ती पुस्तकं, ही सगळी त्या भाकरीच्या मोडण्यातून आली.

आत्या त्यानंतर बरीच वर्षं जगली. तिला बसती करून माती दिली तेव्हा तिच्या डाव्या हातावर तेच लिंग होतं, एका बाजूचा टवका उडालेलं. पहिली मूठ अप्पांनी टाकली, दुसरी मी. स्वामी खूप म्हातारे झाले होते, पण आले. तोवर त्यांच्या प्रवचनांमध्ये ही गोष्ट चांगलीच वाढली होती. लिंगावर फणा धरून बसलेला एक नागही तिच्यात आला होता. खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्यांनी ती पुन्हा सांगितली, ते तीन दिवस, ते रान, तो पहाटेपासून मावळतीपर्यंतचा शोध. माणसं डोळे पुसत होती. मीही पुसत होते.

लिंग सापडलं तेव्हा सकाळचे नऊही वाजले नव्हते. भाकरी खाऊन आत्या झाडाखाली तासभर झोपली, उठली, आणि मग आम्ही तो उतार आणखी पाच वेळा उतरलो. पंचाक्षरी मंत्राला पाच अक्षरं असतात, असं तिचं म्हणणं पडलं. ओंकार धरून ती सहावी फेरीही करणार होती, पण साखळी तुटली.